पशुपालकांचे प्रश्न : हात न लागलेल्या शिंगराला मोहरकीची सवय

प्रश्न : आम्ही माण तालुक्यातील शेतकरी आहोत. घरी खिलार बैलांची जोडी आणि चार गाई आहेत, पण घोडे आमच्या घरात यापूर्वी कोणी पाळलेले नाही. दिवाळीनंतर, मेंढ्यांचा वाडा चारणीसाठी पश्चिमेकडे निघण्याच्या आधी, ओळखीच्या एका मेंढपाळाकडून सात महिन्यांचे मादी शिंगरू घेतले. ते आईच्या मागे मोकळेच फिरत असल्यामुळे त्याला कधी कोणाचा हात लागलेला नव्हता. घरी आणल्यावर दोघांनी कान धरले, तिसऱ्याने खोंडाची मोहरकी (तोंडाभोवती बसणारा दोर) चढवली आणि दावणीला बांधले. शिंगराने मागे ओढ घेतली, बसकण मारली, पुन्हा उठून ओढले आणि कानांमागचे कातडे सोलवटून निघाले. आज बारा दिवस झाले, तरी कोणी जवळ गेले की ते थरथर कापते. थोरले चुलते म्हणतात की दोन दिवस वैरण-पाणी तोडले की आपोआप ऐकेल. शेजाऱ्यांचे म्हणणे असे, की वेसणीप्रमाणे नाकावरून दोर आवळावा. आम्ही काय करावे?

उत्तर : आपण मोकळेपणाने सर्व हकिकत लिहिली, याबद्दल आभार. पुढचे काही वाचण्यापूर्वी दोन गोष्टी आजच कराव्यात. शिंगराला दावणीवरून सोडावे आणि पशुवैद्यकांना बोलवावे. घरच्या जनावरांमध्ये धनुर्वाताचा धोका घोड्याला सर्वाधिक असतो आणि गोठ्यातील शेणमातीत त्याचे जंतू असतातच. त्यामुळे कानांमागची जखम लहान दिसत असली तरी धनुर्वाताची लस आणि जखमेवरील उपचार यांत दिरंगाई करू नये. शिंगरू मान एका बाजूला झुकवून धरते का, पाणी पिताना डोके खाली नेताना अडते का, हेही त्यांना आवर्जून सांगावे, कारण बांधलेल्या अवस्थेत जोराने मागे ओढ घेतलेल्या कोवळ्या जनावराची मान आतून दुखावलेली असू शकते. जखमेवर घासणारी ती मोहरकी त्याच भेटीत, गरज पडल्यास गुंगीचे औषध देऊन, काढून घ्यावी. आपल्याच जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. मान खरोखर दुखावलेली आढळल्यास तेथे दाखवण्याचा विचार करावा.

आता घरातील दोन सल्ल्यांविषयी. चुलत्यांनी आयुष्यभर बैल राखले आहेत आणि त्यांचा अनुभव मोलाचा आहे, परंतु तो बैलाचा अनुभव आहे. बैल चार कप्प्यांच्या पोटात वैरण साठवतो आणि निवांत रवंथ करतो. घोड्याचे पोट लहान असते आणि त्यात आम्ल सतत स्रवत राहते, त्यामुळे थोडे थोडे आणि वारंवार खाणे हीच त्याच्या शरीराची गरज आहे. वैरण तोडल्यास पोटात व्रण होतात आणि पाणी तोडल्यास पोटशूळ उठू शकतो, ज्यात जनावर दगावते. नाकावरून दोर आवळणे तर त्याहून वाईट. घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही. त्याचा सारा श्वास नाकपुड्यांवाटे चालतो आणि नाकाच्या हाडाचे खालचे टोक नाजूक असते. तेथे फास बसला की त्याचा जीव गुदमरतो आणि गुदमरलेले जनावर काही शिकत नाही, केवळ सुटण्यासाठी झुंजते.

मूळ चूक कोठे झाली ते समजून घेतले, तर पुढची सगळी कामे सोपी होतील. दोर ताणला की त्या दिशेने पाऊल टाकायचे असते, हे शिंगराला जन्मतः माहीत नसते. उलट माथ्यामागे दाब आला की त्याच्या विरुद्ध जोर लावणे हाच त्याचा स्वभाव असतो. आपण दोर ओढत राहतो तोवर त्याला एवढेच कळते, की माणूस आला म्हणजे दुखते. ओढ ज्या क्षणी सैल पडते, त्या क्षणी स्वतः काय करत होते हे मात्र शिंगरू पक्के लक्षात ठेवते. एक पाऊल पुढे टाकले आणि दोर सैल झाला, तर पाऊल टाकणे शिकते. मागे हिसका दिला आणि दोर सुटला, तर हिसका देणे शिकते. म्हणून शिंगरू शिकवणाऱ्याने ओढण्यापेक्षा सोडण्याचे कसब अंगी बाणवावे.

जागेपासून सुरुवात करावी. साधारण पंधरा फूट लांब-रुंद, मऊ मातीचे आणि निदान पाच फूट उंच कुंपणाचे आवार वेळूच्या आडव्या काठ्या घट्ट बांधून करावे. काटेरी तार अजिबात वापरू नये आणि फरशीवर किंवा कोब्यावर हे काम करू नये. शिंगरू कळपातले आहे आणि आईपासून नुकतेच तुटले आहे, त्यामुळे आवाराशेजारी एखादी शेळी किंवा शांत गाय दिसेल अशी बांधावी. मेंढ्यांच्या वाड्यात वाढलेल्या शिंगराला शेळीमेंढीची सोबत परकी वाटणार नाही.

पहिले तीन-चार दिवस हात लावण्याचा प्रयत्नच करू नये. वैरण आणि पाणी रोज एकाच माणसाने द्यावे आणि नंतर आवारात एका कडेला, शिंगराकडे रोखून न पाहता, थोडे आडवे वळून पंधरा-वीस मिनिटे बसावे. घोड्याला कपाळाच्या अगदी पुढचे आणि शेपटीच्या अगदी मागचे दिसत नाही, म्हणून जवळ जाताना नेहमी खांद्याच्या दिशेने आणि बोलत जावे. ते आपल्याकडे तोंड वळवून उभे राहिले, की आपण एक पाऊल मागे घ्यावे. आपण दूर जाणे हेच त्याला मिळणारे पहिले बक्षीस असते. हातातून गूळ-भाकरी देण्याचा मोह टाळावा, कारण त्यातून चावा घेण्याची खोड लागते. खाणे पाटीतच द्यावे.

नंतर चार-पाच फुटांच्या वेळूच्या काठीच्या टोकाला मऊ सुती कापड गुंडाळून, आयाळ संपून पाठ सुरू होते त्या उंचवट्यावर हलकेच घासावे. घोडे एकमेकांना नेमके तेथेच दातांनी खाजवतात, त्यामुळे तेथील स्पर्श त्यांना सुखावतो. शिंगरू हलले तरी काठी लगेच काढू नये. दाब न देता तिला त्याच्याबरोबर जाऊ द्यावे आणि पाय थांबले की काठी दूर करावी. नेमके याच ठिकाणी बहुतेक जण चुकतात. शिंगरू पळाले की काठी काढून घेतात आणि पळाले की सुटका होते, असा धडा स्वतःच देऊन बसतात. काठीची जागा हळूहळू हाताने घ्यावी. उंचवट्यापासून मान, खांदा, छाती असे पुढे सरकावे आणि एका बाजूला जे झाले ते दुसऱ्या बाजूलाही पहिल्यापासून करावे, कारण डाव्या अंगाने माणसाला सरावलेले शिंगरू उजव्या अंगाने त्यालाच बुजते. दिवसातून दोन वेळा, दहा-पंधरा मिनिटे पुरेत. कान मात्र आपल्या शिंगराच्या बाबतीत सर्वांत शेवटी येतील. ते धरले गेले आहेत, दुखले आहेत आणि जखम पूर्ण भरेपर्यंत तेथे जाऊच नये.

मोहरकीसाठी खाटेची रुंद सुती नवार उत्तम. खोंडाची मोहरकी शिंगराच्या निमुळत्या तोंडावर खाली घसरते, म्हणून ती वापरू नये. नाकावरचा पट्टा गालाच्या हाडाच्या कडेखाली दोन बोटांवर बसावा आणि त्यात दोन-तीन बोटे सहज फिरावीत. मानेचा पट्टा कानांवरून ओढून चढवण्याऐवजी मानेमागून आणून डाव्या गालाजवळ बांधता येईल, अशी मोहरकी शिवून घ्यावी. म्हणजे कानांना हात लावण्याची वेळच येणार नाही. आधी ती हुंगू द्यावी, मानेवर घासावी, नाकाला लावून काढून घ्यावी. घातल्यावर पहिल्या दिवशी दोर लावू नये आणि पाच मिनिटांनी ती काढून टाकावी.

दोर दहा-बारा फुटी, जाड आणि सुताचा घ्यावा आणि तो हाताला कधीही गुंडाळू नये. शिंगराच्या समोर उभे राहून पुढे ओढण्याऐवजी खांद्याशी उभे राहावे आणि दोर बाजूला, आपल्या दिशेने, फक्त ताण येईल इतकाच घ्यावा. हिसका देऊ नये, ताण वाढवू नये, तसाच धरून थांबावे. शिंगराने नाक बोटभर जरी आपल्याकडे वळवले, तरी त्याच क्षणी दोर सोडावा आणि उंचवट्यावर खाजवावे. काही वेळाने नाकापाठोपाठ पुढचा पाय वळेल. ते पहिले खरे पाऊल. बाजूला नेल्यास जनावराला तोल सावरण्यासाठी पाय उचलावाच लागतो, पण समोरून ओढले की ते चारी पाय रोवते. पुढे चालवताना अडलेच, तर दुसऱ्या मऊ दोराचा मोठा वेढा मागच्या पुठ्ठ्यांभोवती घालून, मोहरकीच्या दोराबरोबर त्यालाही हलका ताण द्यावा, म्हणजे मागून आई ढकलते आहे असे त्याला वाटते. हा वेढा शेपटीखाली घुसू देऊ नये.

आपल्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे. माणदेशातील मेंढपाळांकडची तट्टे बहुधा भीमथडी जातीची, काटक आणि समंजस असतात. या जातीची आता देशी जात म्हणून अधिकृत नोंदही झालेली आहे. बिऱ्हाड लादलेल्या आईच्या मागून आपल्या शिंगराने या वयातच कित्येक कोस पायी तुडवले असणार. कोणाच्या तरी मागे शांतपणे चालणे हे त्याला येतेच. आपण फक्त त्या आईच्या जागी उभे राहायचे आहे.

बांधणे सर्वांत शेवटी. दोराला मान देणे अंगवळणी पडल्यावर, निदान तीन-चार आठवड्यांनंतर, त्याचा विचार करावा. त्याही वेळी प्रथम दोर खुंट्यातून फक्त ओवून टोक हातात ठेवावे आणि ओढ आली की थोडा सोडावा. पुढे बांधाल तेव्हा शिंगराच्या पाठीच्या उंचीवर, एका ओढीत सुटणाऱ्या गाठीने बांधावे आणि तेथून हलू नये. हे मी इतक्या आग्रहाने लिहितो, त्यामागे माझी स्वतःची चूक आहे. अनेक वर्षांपूर्वी मी एक वर्षाचे शिंगरू लिंबाच्या झाडाला पक्क्या गाठीने बांधून पाणी आणायला गेलो होतो. परत आलो तेव्हा ते मागच्या पायांवर उभे राहून उलटे पडलेले होते आणि माथ्यामागचा भाग मुळीवर आपटला होता. अशा पडण्यात कवटीच्या तळाचे हाड मोडते. ते उठले नाही. गाठ सोडायला मी तेथे असतो तर ते वाचले असते.

आपल्या शिंगराला किती दिवस लागतील, असे आपण मनात नक्कीच विचारत असाल. हात न लागलेल्या निरोगी शिंगराला रोज दोन वेळा वेळ दिला, तर दोन-तीन आठवड्यांत ते मोहरकी घालून चार पावले चालू लागते. आपल्या शिंगराला आधी भीती विसरायची आहे, म्हणून त्याच्या दुप्पट काळ धरावा आणि चुलत्यांनाही रोज थोडा वेळ आवाराबाहेर बसायला सांगावे. बैलाच्या डोळ्यांतील भाव ओळखणाऱ्या माणसाला शिंगराचे डोळे वाचायला फार दिवस लागत नाहीत.

प्रश्न : जत तालुक्यात आमची घोडी वीस दिवसांपूर्वी व्याली. शिंगराला आतापासून हात लावावा का? जवळ गेले की ते तोंड उघडून दात आपटते. ते चावरे निघेल का?

उत्तर : ती चावण्याची खूण नाही. मान पुढे करून जबडा असा उघडझाप करणे म्हणजे, ‘मी लहान आहे, मला मारू नका’, असे मोठ्या घोड्यांना सांगण्याची शिंगरांची रीत आहे आणि वाढत्या वयात ती आपोआप जाते. त्याबद्दल थप्पड मारू नये.

हात अवश्य लावावा. घोडी शांत असेल तर तिला एकाने धरावे आणि दुसऱ्याने एक हात शिंगराच्या छातीपुढे व दुसरा पुठ्ठ्यांमागे ठेवून त्याला क्षणभर उभे करावे. धडपड थांबली की सोडावे. पोटाखाली हात घालून उचलू नये आणि शेपूट धरून वळवू नये. या वयात मोहरकी घालून काही मिनिटे आईच्या मागे चालवले, तरी वरच्या पत्रातील कष्ट पुढे करावे लागत नाहीत. मुलांना मात्र त्याच्याशी ढकलाढकलीचे खेळ खेळू देऊ नयेत. आज ते फार तर पन्नास किलोचे आहे, पण तीन वर्षांनी तीनशे किलोचे जनावर तोच खेळ खेळेल आणि दोष त्याच्या माथी येईल.

प्रश्न : शिंगराला रोज मोहरकी घालण्याचा त्रास नको म्हणून ती कायम ठेवली तर चालेल का? (मिरज)

उत्तर : चालणार नाही. शिंगरू मागच्या पायाच्या खुराने कान खाजवते आणि तो खूर मोहरकीत अडकला तर पाय किंवा मान मोडते. कुंपणाच्या मेखेत मोहरकी अडकण्याचा धोकाही तितकाच असतो आणि नायलॉनचा पट्टा अशा वेळी तुटत नाही. शिवाय या वयात डोके झपाट्याने वाढते. आज दोन बोटे जाणारा पट्टा महिन्याभरात नाकाच्या हाडात रुतलेला आढळतो. रोज घालणे आणि रोज काढणे याला त्रास समजू नये, कारण शिंगराला मोहरकीची सवय लागते ती याच घालण्या-काढण्यातून. एखाद्या कारणाने रात्रभर ठेवावीच लागली, तर ती चामड्याची असावी आणि तिचा मानेवरचा पट्टा ओढीसरशी तुटेल इतका अरुंद असावा.