पहिल्यांदा हरकत लिहिताय ना? मग एवढं बघा

दादा, इचलकरंजीत छोटं डाइंग युनिट चालवताय आणि सांडपाण्याच्या नवीन नियमांच्या मसुद्यावर लिहायचंय म्हणताय, फार चांगलं, नक्की लिहा. आपल्यातले बरेच जण नुसते चहाच्या टपरीवर बोलतात.

आधी राजपत्रातला मूळ मसुदा वाचा, व्हॉट्सॲपवर फिरणारा सारांश नको. हरकती-सूचनांची शेवटची तारीख आणि पत्ता त्यातच असतो. मुदतीत आलेल्या हरकतीचाच विचार होतो, म्हणून शेवटच्या दिवसावर ढकलू नका.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे "नियम रद्द करा" एवढंच लिहिणं, किंवा संघटनेचं एकच पत्र पन्नास जणांनी सह्या करून पाठवणं, त्याने मुद्दा एकच राहतो. त्यापेक्षा कुठला नियम, कुठला उपनियम ते लिहा आणि तुमचे आकडे द्या. रोज किती लिटर पाणी वापरता, सीओडीचा (सांडपाण्यातली घाण किती ऑक्सिजन खाते त्याचं माप) रिपोर्ट काय येतो (नदीत सोडायची मर्यादा साधारण 250 मिलिग्रॅम प्रति लिटर असते), नवीन यंत्रणेचं कोटेशन किती, सामायिक प्रक्रिया केंद्राला (सगळ्या युनिटचं सांडपाणी एकत्र साफ करणाऱ्या) तुम्ही जोडलेले आहात का. आणि पर्याय सुचवा, म्हणजे छोट्या युनिटला मुदत वाढवून द्या, टप्प्याटप्प्याने लावा, असं.

पंचगंगा नदीचं काय ते पण मनापासून लिहा हं. 2012 ला इचलकरंजीत दूषित पाण्याने पसरलेली कावीळ आपण विसरलेलो नाही, खाली शिरोळची गावं हेच पाणी पितात.

हाताने दिलंत तर पोच घ्या, आवक क्रमांकासकट. कोर्टाचे निकाल, कलमं यात आत्ता पडू नका, एक पान पुरतं.