तत्त्वज्ञानात संशोधन करून पोट भरेल का?

हर्णै बंदरावर मासे विकणाऱ्या एका आईने विचारलं आहे : मुलगी तत्त्वज्ञान घेऊन टी.वाय.बी.ए.ला आहे. ‘कुणाचं म्हणणं ऐकलं जातं, कुणाचं नाही’ यावर तिला संशोधन करायचंय. यात भाकरी आहे का?

ताई, विषय भक्कम आहे. मिरांडा फ्रिकर या तत्त्वज्ञ बाईंनी २००७ साली यावर ग्रंथ लिहिला. त्या दोन अन्याय वेगळे करतात. एक, बोलणारी कोण आहे हे बघून तिच्या शब्दाला कमी वजन देणं. दुसरा, सोसलेल्या गोष्टीला समाजाकडे नावच नसणं. ‘लैंगिक छळ’ हे नाव अमेरिकेत १९७५ साली पुढे आलं. त्याआधी बायका सोसत होत्या, पण तक्रारीत लिहिणार काय?

हा विषय घेणारी मुलं चुकतात ती इथे. अमुक मासळी कमी झाली असं तुम्ही सांगितलंत आणि साहेबाने ‘बायकांना काय कळतं’ म्हणून ते टिपलंच नाही, तर तो पहिला अन्याय. त्याने नोंदी नीट तपासून तुमचं म्हणणं नाकारलं, तर त्याचा निष्कर्ष चुकला तरी तो हा अन्याय नव्हे. पूर्वग्रह दाखवून द्यावा लागतो. नुसत्या मुलाखती आणि टक्केवारी मांडली, तर ते समाजशास्त्र झालं. इथे युक्तिवाद लागतो. आणि तो आपल्या परंपरेतही आहे. न्यायसूत्रं, म्हणजे तर्कावरचा आपला जुना ग्रंथ, आप्ताचा, म्हणजे विश्वासार्ह माणसाचा, उपदेश प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं खात्रीचं साधन, मानतात. त्यांचा भाष्यकार वात्स्यायन म्हणतो, आप्ताचं हे लक्षण ऋषी, आर्य, म्लेच्छ सगळ्यांना सारखंच लागू. फ्रिकरशेजारी हे ठेवून वाचलं तर तिच्या हाती स्वतःचा प्रश्न येईल.

आता पोटाचं. मुंबई (कलिना) किंवा पुणे विद्यापीठात दोन वर्षांचं एम.ए., त्यात ५५ टक्के (राखीव गटांना ५०). मग नेट, म्हणजे प्राध्यापकी आणि संशोधनासाठीची देशपातळीवरची पात्रता परीक्षा : १५० प्रश्न, ३०० गुण, तीन तास, चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत. त्यातून जेआरएफ, म्हणजे पीएच.डी.साठीची शिष्यवृत्ती, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं. प्राध्यापकाच्या कायम जागा मात्र फार थोड्या निघतात, त्या एकाच भरवशावर राहू नका. एम.ए.नंतर तीन वर्षांचं एलएल.बी. हा दुसरा रस्ता उघडा ठेवा. कुणाच्या साक्षीवर का विश्वास ठेवायचा, हा प्रश्न तिथे रोजचा.

या महिन्यात तिला एक काम सांगा. लिलावातला एकच प्रसंग घेऊन दोन पानं मराठीत लिहायची आणि तुम्हाला वाचून दाखवायची. जिथे तुम्ही ‘हे असं नसतं गो’ म्हणाल, तो परिच्छेद तिने पुन्हा लिहायचा.