'कझिन' या इंग्रजी शब्दाचा नेमका अर्थ काय, आणि मराठीत तो वापरावा का?

आई किंवा वडील यांच्या सख्ख्या भावंडांची मुले, मग मुलगा असो वा मुलगी, इंग्रजीत सगळी 'फर्स्ट कझिन' होतात. पणजोबा एक असतील तर 'सेकंड कझिन'. 'वन्स रिमूव्हड' म्हणजे एका पिढीचे अंतर. वडिलांचा चुलतभाऊ, ज्याला आपण काकाच म्हणतो, तो त्या हिशेबाने आपला 'फर्स्ट कझिन वन्स रिमूव्हड'. 'कझिन ब्रदर' ही जोडी आपल्याकडे रूढ झाली. नुसत्या 'कझिन'ने आपले समाधान होत नाही, भाऊ म्हटल्याशिवाय राहवत नाही, एवढेच त्यातून कळते.

आता वापराविषयी. माझे मत स्पष्ट आहे: मराठी बोलताना हा शब्द वापरू नये, आणि कागदोपत्री तर मुळीच वापरू नये. आमच्या विदर्भातील खेड्यांत नात्यांची पहिली विभागणीच भाऊबंद आणि सोयरे अशी आहे. चुलतभाऊ हा भाऊबंद. त्याचे आडनाव आपले, सुतक आपले, बांधाला बांध लागलेला. आतेभाऊ आणि मामेभाऊ हे सोयरे. त्यांचा मान मोठा, पण तो वेगळा. 'कझिन' म्हटले की ही सगळी माणसे एका ओळीत उभी राहतात, आणि त्यातून काय होते ते मी यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात पाहिले आहे.

माझा एक चुलतभाऊ अविवाहित होता. त्याचे आईवडील लवकर गेले, सख्खे भावंड कोणी नव्हते, आणि तो माझ्या आईच्या हातचे खाऊन आमच्याच घरात वाढला. त्याच्या वाट्याची कोरडवाहू शेती तो स्वतः कसायचा. कपाशी आणि तूर असे, आणि त्याची व आमची बैलजोडी एकाच कोठ्यात बांधली जात असे. तो मृत्युपत्र न करता गेला. तोपर्यंत माझे वडील, आमची आत्या, त्याचे मामा आणि मावशी यांपैकी कोणीही हयात नव्हते. तेरवी आटोपली आणि थोड्याच दिवसांत आमच्या आतेभावाच्या मुलाने, जो शहरात चांगल्या नोकरीवर आहे, वारस नोंदीसाठी इंग्रजीत प्रतिज्ञापत्र तयार करून आणले. त्यात मी, माझी बहीण आणि त्याचे वडील, अशा तिघांच्याही नावापुढे 'कझिन' एवढेच लिहिलेले होते आणि तिघांना समान हिस्सा मागितलेला होता. मी हरकत घेतली, तेव्हा चार माणसांसमोर तो मला म्हणाला की, काका, तुम्ही आणि बाबा दोघेही फर्स्ट कझिनच आहात, मग भेद कशाचा?

भेद कायद्याचा आहे. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे पुरुष मृत्युपत्राविना मरण पावला तर आधी वर्ग एकचे वारस (मुले, पत्नी, आई इत्यादी), मग वर्ग दोनचे, त्यानंतर गोत्रज आणि गोत्रजही नसतील तरच भिन्नगोत्रज, असा क्रम लागतो. काका, आत्या, मामा, मावशी हे वर्ग दोनमध्ये येतात. त्यांतील एक जरी हयात असते तरी आमच्यापैकी कोणालाच हक्क पोहोचला नसता. गोत्रज म्हणजे ज्याचे नाते केवळ पुरुषांच्या साखळीतून जुळते तो. चुलतभाऊ गोत्रज ठरतो. आतेभाऊ, मामेभाऊ आणि मावसभाऊ मधे स्त्री आल्यामुळे भिन्नगोत्रज ठरतात. चुलतबहीण मात्र गोत्रजच असते. सुनावणीत आजोबांपासूनची वंशावळ मांडल्यावर माझे आणि माझ्या बहिणीचे नाव लागले. बहिणीचे नाव मी आग्रहाने लावून घेतले, कारण तो तिचा हक्क होता. तो मुलगा मात्र आजही लग्नकार्यात भेटला की 'काकांनी शब्दात पकडून जमीन घेतली' असे सांगतो. शब्दात पकडण्याचा प्रयत्न त्याच्या प्रतिज्ञापत्रात होता. मी फक्त नाते पूर्ण लिहिले.

लग्नाच्या बाबतीतही हेच आहे. आमच्याकडे कित्येक समाजांत मामेबहिणीशी लग्न होते, चुलतबहिणीशी किंवा मावसबहिणीशी कल्पनाही करता येत नाही, आणि सासू-सासऱ्यांना आत्याबाई, मामंजी म्हणण्याची रीत त्यातूनच टिकून आहे. चार्ल्स डार्विन यांनी १८३९ मध्ये एमा वेजवूड यांच्याशी लग्न केले, ते 'कझिन'शी केले म्हणून सांगतात. प्रत्यक्षात एमा त्यांच्या मामेबहीण, म्हणजे वऱ्हाडातल्या जुन्या बायकांना त्यात वावगे वाटले नसते. आपला १९५५ चा हिंदू विवाह अधिनियम ही सर्वच नाती निषिद्ध धरतो, परंतु दोन्ही पक्षांत तशी रूढी असेल तर परवानगी देतो. म्हणून तेथेही कोणती बहीण हे सांगावेच लागते.

येथे काही गोष्टी नमूद करणे आवश्यक आहे. वरील वारसाक्रम हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांना लागू आहे. मुस्लिम व ख्रिस्ती कुटुंबांचे नियम वेगळे आहेत. फेरफार, म्हणजे महसूल दप्तरातील नावाची नोंद बदलणे, झाला म्हणजे मालकीचा अंतिम निर्णय झाला असेही नाही, वाद राहिला तर दिवाणी न्यायालय आहेच. शिवाय माझा आतेभाऊ स्वतः सज्जन आहे आणि माझ्या त्या चुलतभावाच्या आजारपणात तो धावून आला होता, हे मी नाकारत नाही. माझ्या भावाला त्याला काही द्यायचे असते तर मृत्युपत्राने देता आले असते, आणि मग मी एक अक्षरही बोललो नसतो.

आपल्याला हा शब्द केवळ परदेशी मित्रांशी बोलताना हवा असेल तर खुशाल वापरा. कागदासाठी हवा असेल तर आजोबांपासून खाली प्रत्येकाचे नाव लिहून चुलत, आते, मामे किंवा मावस यांपैकी जे असेल ते मराठीत लिहा. इंग्रजीचाच आग्रह असेल तर 'फादर्स ब्रदर्स सन' असे पूर्ण लिहावे.