अमेरिकेच्या ताब्यातल्या बेटांवरचे लोक नागरिक असूनही राष्ट्राध्यक्षासाठी मत का देऊ शकत नाहीत? त्या बेटांना राज्याचा दर्जा का देत नाहीत?

कारण तिथे राष्ट्राध्यक्षाला राज्यांनी पाठवलेले इलेक्टर, म्हणजे प्रतिनिधी, निवडतात आणि पोर्तो रिको, ग्वाम ही राज्यं नाहीत. वॉशिंग्टन डीसी तरी कुठे राज्य आहे? पण 1961 मध्ये घटनादुरुस्ती करून त्यांना इलेक्टर दिलेच ना. बेटांसाठी करायचं कुणाच्या मनात नाही, एवढंच.

हा प्रश्न मला झोंबतो. मी न्यू जर्सीत असताना नागरिकत्व घेतलं, 2016 ला हौसेने रांगेत उभं राहून मत दिलं. 2019 मध्ये औषध कंपनीने पोर्तो रिकोच्या प्लांटवर पाठवलं. समुद्र, पगार, सगळं छान. नोव्हेंबर 2020 ला मतपत्रिका हातात आल्या. गव्हर्नर होता, महापौर होता, वॉशिंग्टनला पाठवायचा रेसिडेंट कमिशनर होता (हा सभागृहात बोलतो, पण कायदा मंजूर करताना त्याला मत नाही). वेगळ्या कागदावर ‘राज्य व्हावं का, हो की नाही’. ट्रम्प-बायडन कुठेच नाहीत. मला माहीत होतं, तरी कागद उलटून मागची बाजू बघितली.

मागे आमच्या प्लांटचा सिक्युरिटीवाला उभा होता, इराकमध्ये लढून आलेला. म्हणाला, "फ्लोरिडात ऑर्लँडोला बहिणीकडे राहायला गेलो की मलापण मत."

रात्री पुण्याहून दादाचा फोन. "तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं! आपला पासपोर्ट सोडलास आणि तिथेही मत नाही. सांगत होतो तेव्हा ऐकलं नाहीस." गंमत म्हणजे, मी तेव्हा पुण्याला परत आलो असतो तर न्यू जर्सीतलं माझं मत परदेशातून देता आलं असतं, तसा कायदाच आहे. अमेरिकेच्याच झेंड्याखाली राहायला गेलो म्हणून गेलं. हे दादाला मी अजून सांगितलेलं नाही.

माझ्या मते पोर्तो रिको ही सरळसरळ वसाहत आहे. 1898 ला स्पेनकडून घेतली, 1917 ला नागरिकत्व दिलं आणि पुढचं राहिलं ते राहिलंच. फ्रान्सचं रीयुनियन बघा. पॅरिसपासून नऊ हजार किलोमीटरवर हिंदी महासागरात आहे, पण तिथले लोक राष्ट्राध्यक्षाला मत देतात. राज्याचा दर्जा द्यायचा तर ते काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या, हातात. 2020 च्या त्या कागदावर 52 टक्क्यांनी ‘हो’ म्हटलं, काँग्रेस ढिम्म.

हां, एक राहिलं. बेटावरच्या कमाईवर तिथल्या बहुतेकांना केंद्राचा आयकर नाही, सोशल सिक्युरिटी (पेन्शन) आणि मेडिकेअर (म्हातारपणीचा आरोग्यविमा) यांचे पैसे मात्र कापतात. शिवाय राज्य नकोच म्हणणारेही तिथे भरपूर आहेत. आणि अमेरिकन सामोआत जन्मलेल्यांना तर जन्माने नागरिकत्वसुद्धा नाही, ते नुसते ‘नॅशनल’.

तुम्ही नागरिकत्व घेणार असाल तर खुशाल घ्या, फक्त बेटावर बदली मिळाली तर हे आधी माहीत असू द्या. आणि मताच्या गप्पा मारणाऱ्या थोरल्या भावांचं फार मनावर घेऊ नका. 2019 च्या लोकसभेला पुण्याचं मतदान मंगळवारी होतं. आमचे दादा सोमवारची रजा टाकून सहकुटुंब महाबळेश्वरला. वेण्णा लेकवरचे फोटो फॅमिली ग्रुपवर अजून आहेत. बोटाला शाई नाही, मी झूम करून पाहिलंय.