दक्षिण युरोपात फिरताना तिथलं खाणं आणि संस्कृती नीट अनुभवायची असेल तर काय करावं?

तुम्ही लिहिलंय की ऑक्टोबरच्या शेवटी दहा दिवसांसाठी जाताय, बायको शाकाहारी आहे, तुम्हाला सगळं चालतं, आणि यादीत रोम, बार्सिलोना, लिस्बन आणि अथेन्स आहेत. आधी या यादीला कात्री लावा. दहा दिवसांत चार देश उरकायचे म्हटलं तर तुमचं स्थानिक जेवण म्हणजे विमानतळावरचं सँडविच. मी नोकरीनिमित्त इटलीत राहते, त्यामुळे माझं झुकतं माप कुठे आहे ते कळेलच, पण माझं ऐकाल तर इटलीच्या दक्षिणेकडच्या सिसिली बेटावर जा. पालेर्मो या तिथल्या मुख्य शहरात मुक्काम ठोका, फार तर एक दिवस त्रापानीला जाऊन या.

तिथे काय खायचं हे कोणीही सांगेल. मी म्हणेन, कधी खायचं ते आधी समजून घ्या. त्या लोकांचं घड्याळ पाळलंत आणि सणवार पाहून गेलात, तर संस्कृती शोधत हिंडावं लागत नाही.

सकाळी बारमध्ये (तिथे बार म्हणजे कॉफीचं दुकान) उभ्या उभ्या कॉफी आणि काहीतरी गोड, संपला नाश्ता. बऱ्याच ठिकाणी आधी गल्ल्यावर पैसे भरून पावती काउंटरवर द्यायची असते. टेबलावर बसलात तर तीच कॉफी महाग पडू शकते. दुपारचं जेवण साधारण एक ते तीन. मग स्वयंपाकघर बंद होतं ते संध्याकाळी साडेसात-आठलाच उघडतं, आणि स्थानिक मंडळी त्याही नंतर येतात. मधल्या वेळेत भूक लागली म्हणून रेस्टॉरंट शोधायला निघालात, तर फोटोवाला मेनू दाराबाहेर टांगलेलं, पर्यटकांसाठीचंच काहीतरी उघडं सापडेल. बिलात ‘कोपेर्तो’ नावाचे माणशी एक-दोन युरो दिसले तर भांडू नका. टेबलावर बसल्याचे ते पैसे असतात, मेनूत लिहिलेलेही असतात.

ती मधली भूक पालेर्मो रस्त्यावर भागवतं. बाल्लारोच्या बाजारात सकाळी उशिरा जा. भाजीवाले, मासेवाले एका लयीत ओरडत असतात. या आरोळ्यांची तिथे रीतसर परंपरा आहे, आणि ज्याचा गळा चांगला त्याच्याकडे गर्दी जास्त असं मला तरी दिसलंय. फळांना हात लावू नका. किती हवं ते सांगायचं, निवडून तो देतो. मग ‘पानेल्ले’ची गाडी शोधा. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ पाण्यात मिठासकट घोटून घोटून शिजवतात, अगदी घट्ट पिठलं होईपर्यंत. त्यात पार्स्ली घालतात, पातळ थापून गार करतात, वड्या पाडतात आणि कढईत तळतात. त्या गरमागरम वड्या तीळ लावलेल्या पावात कोंबून वर लिंबू पिळतात. मुंबईकराला याहून जास्त समजावायची गरज नाही. माझी आई आली होती तेव्हा तिने पहिल्या घासानंतर पर्समधून लसणीच्या चटणीची पुडी काढली. गाडीवाल्याने ती चाखली, डोळे मोठे केले, पाणी प्यायला, आणि मान हलवून पुन्हा लिंबाकडे बोट दाखवलं. आईने दुसरा पाव लिंबू पिळूनच खाल्ला. त्याच पावात बटाट्याचे छोटे तळलेले गोळेही मागता येतात.

तुमच्या बायकोसाठी मात्र काही सापळे आधीच सांगते. ‘अरान्चिना’ म्हणजे भाताचा तळलेला गोळा. त्याचा ‘बुर्रो’, म्हणजे लोण्याचा, प्रकार ऐकायला निरुपद्रवी वाटतो, पण त्यात बहुधा हॅम असतो. ‘स्फिन्चोने’ हा जाड, लुसलुशीत पिझ्झा कांदा-टोमॅटोचा दिसतो, आत अँचोवी मासा विरघळलेला असतो. कान्नोलीची नळी डुकराच्या चरबीत तळलेली असू शकते. म्हणून नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही; ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा प्रोशुत्तो’ असं मांस, मासा, हॅम तिन्ही नाकारायचं. निर्धास्त खाण्यासारखं काय? कापोनाता. वांगी तळून सेलेरी, ऑलिव्ह, केपर आणि टोमॅटोबरोबर आंबट-गोड शिजवतात आणि गार झाल्यावर खातात. तुम्ही स्वतः ‘पानी का मेउसा’ बघून ठेवा, पण त्यात वासराची प्लीहा आणि फुप्फुस असतं, तेव्हा आपलं काय चालतं ते ठरवूनच.

ती वांगी, लिंबं, ऊस सिसिलीत रुजले ते अरबांच्या काळात. पालेर्मो त्यांनी ८३१ साली घेतलं. १०७२ मध्ये उत्तर फ्रान्सकडचे नॉर्मन आले, पण त्यांनी अरब कारागीर आणि विद्वान हाकलले नाहीत, दरबारी ठेवले. दुसरा रॉजर या नॉर्मन राजाच्या पदरी असलेल्या अल् इद्रिसी या भूगोलकाराने पालेर्मोजवळच्या त्राबिया गावात शेवयांसारखा वाळवलेला पदार्थ बनतो आणि जहाजं भरभरून बाहेर जातो, असं बाराव्या शतकातच लिहून ठेवलंय. पास्ता चीनहून मार्को पोलो या प्रवाशाने आणला म्हणणाऱ्यांना हे जरूर ऐकवा. पोलोचा जन्मच १२५४ चा.

म्हणून नॉर्मन राजांच्या पालेर्मोतल्या राजवाड्यातलं कापेल्ला पालातिना हे प्रार्थनामंदिर बाजाराच्या आधी नाही, नंतर बघा. भिंतींवर बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या, पद्धतीचं सोनेरी मोझेक आणि डोक्यावर अरबी धाटणीचं कोरीव, रंगवलेलं लाकडी छत. खांदे आणि गुडघे झाकलेले असू द्या. वेळ असेल तर झीसा नावाच्या वाड्यात ११४९ चा एक दगड आहे. एका पाद्र्याने आपल्या आईच्या, आन्नाच्या, स्मरणार्थ तो कोरून घेतला, त्यावर लॅटिन, ग्रीक, अरबी आणि हिब्रू लिपीतली अरबी असे चार लेख आहेत. आकाराने लहान आहे, लोक चटकन पुढे जातात; तुम्ही थांबा. पालेर्मोजवळच्या मोनरेआलेचं कॅथेड्रल सगळेच सांगतील, ते सांगतात ते खरं आहे.

आता सणवाराचं. तुमच्या तारखा नकळत फार चांगल्या पडल्यात. २ नोव्हेंबर हा तिथे मृतांचा दिवस. आदल्या रात्री घरातली गेलेली माणसं येऊन मुलांसाठी खाऊ आणि खेळणी ठेवून जातात, अशी समजूत. सकाळी मुलं घरभर शोधाशोध करतात, मग सगळं घर फुलं घेऊन दफनभूमीत जातं. त्या आठवड्यात मिठाईच्या दुकानांत बदामाच्या पिठाची हुबेहूब फळं मांडलेली असतात. त्यांना ‘फ्रुत्ता मार्तोराना’ म्हणतात, कारण ती मूळ मार्तोराना चर्चजवळच्या मठातल्या नन बनवायच्या. अंजिराची चीर, पेरूसारख्या दिसणाऱ्या पेअरवरचा डाग, सगळं रंगवलेलं. आणि साखरेच्या ओतीव बाहुल्या, बऱ्याचदा शिरस्त्राण घातलेल्या योद्ध्यांच्या.

ते योद्धे येतात कठपुतळ्यांच्या खेळातून. ‘ऑपेरा देई पूपी’ म्हणतात त्याला. शार्लमेन या मध्ययुगीन सम्राटाच्या सरदारांच्या कथा, खरं पत्र्याचं चिलखत, लाकडी फळीवर पाय आपटून केलेला लढाईचा आवाज, आणि मुंडकी खरोखर उडतात. इटालियन येत नसली तरी काही अडत नाही. कुतिक्किओ घराण्याचं नाट्यगृह छोटं आहे, तिकीट आधी काढा.

रविवारी दुपारनंतर बाजार ओस पडतो, आणि १ नोव्हेंबरला सरकारी सुट्टी असते, म्हणून बाल्लारो त्याआधी करून घ्या. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागे जातात, त्यानंतर पाचच्या सुमारास अंधार पडतो. छत्री घ्या. आणि परतीचं विमान ३ तारखेच्या आधीचं काढलं असेल तर जमल्यास बदला.