एलएएक्समधला एक्स कशाचा?

प्रश्न: लॉस एंजेलिसच्या तिकिटावर एलएएक्स असतं. एलए कळलं, पण एक्स कशासाठी? आणि टोरोंटोचा कोड वायवायझेड, तो तर शहराच्या नावाशी अजिबातच जुळत नाही. हे सगळं ठरवतं कोण?

उत्तर: एक्सला काही अर्थच नाहीये! अमेरिकेत सुरुवातीला हवामान खात्याचे दोन अक्षरी कोडच विमानतळांना चालायचे, मग विमानतळ वाढत गेले, दोन अक्षरं पुरेनात, म्हणून तीन अक्षरं आली आणि काही ठिकाणी जुन्या कोडच्या मागे नुसता एक्स लावून मोकळे झाले. पोर्टलंडचा पीडीएक्स पण तसाच.

टोरोंटोचा किस्सा मला सगळ्यात जास्त आवडतो. विमानतळ आहे माल्टनजवळ, आणि माल्टन रेल्वे स्टेशनचा तारेसाठीचा कोड होता वायझेड. कॅनडात हवामान केंद्र असलेल्या विमानतळांच्या कोडला पुढे वाय लावायची पद्धत पडली, म्हणून वायवायझेड. म्हणजे आज बॅगेच्या टॅगवर छापतात ती अक्षरं मुळात रेल्वेच्या तारेतली!

आता हे कोड आयाटा ही विमान कंपन्यांची जागतिक संघटना देते, तेही सहसा एखाद्या विमान कंपनीने मागितल्यावर. एकदा दिलेला कोड शक्यतो बदलत नाहीत, कारण तिकिटं, बॅगा, वेळापत्रकं सगळं त्यावरच चालतं, आणि माझ्या मते तेच बरोबर आहे. म्हणून तर शिकागोच्या ओ'हेअरचा कोड अजून ओआरडी आहे, पूर्वी त्याला ऑर्चर्ड फील्ड म्हणायचे. लेनिनग्राडचं १९९१ मधे परत सेंट पीटर्सबर्ग झालं पण कोड एलईडीच राहिला, आता हो ची मिन्ह सिटी म्हणतात त्या सायगॉनचा एसजीएनही तसाच. न्यूयॉर्कचा आयडलवाइल्ड विमानतळ मात्र अपवाद, केनेडींच्या हत्येनंतर १९६३ मधे त्याला त्यांचं नाव दिलं आणि आयडीएलचा जेएफके झाला.

पायलट आणि कंट्रोल टॉवरवाले मात्र चार अक्षरी कोड वापरतात, ते आयकाओ या संयुक्त राष्ट्रांच्या विमान वाहतूक संघटनेचे, आणि त्यात शिस्त आहे, म्हणजे हीथ्रोच्या ईजीएलएलमधे ई म्हणजे उत्तर युरोप आणि जी म्हणजे ब्रिटन.

आणि हो, बुकिंग करताना एलओएन दिसलं तर तो अख्ख्या लंडन शहराचा कोड आहे, त्यात बरेच विमानतळ येतात, तेव्हा एलएचआर म्हणजे हीथ्रो आहे की एलजीडब्ल्यू म्हणजे गॅटविक, ते नक्की बघून घ्या.