जुन्या गेम्सची पूर्ण यादी का होत नाही?

प्रश्न: सिनेमांची असते तशी जुन्या कॉम्प्युटर गेम्सची एकच पक्की यादी अजून का नाही हो?

उत्तर: अहो, मोजायचं कसं इथूनच भांडण आहे. ब्रिटनचा १९८२ चा घरगुती कॉम्प्युटर झेडएक्स स्पेक्ट्रम घ्या, त्याचे गेम कॅसेटवर यायचे. त्यावरचा मॅनिक मायनर हा गेम १९८३ मध्ये आधी बग-बाइट कंपनीने काढला, मग तो लिहिणारा मॅथ्यू स्मिथ सॉफ्टवेअर प्रोजेक्ट्स या दुसऱ्या कंपनीकडे गेला आणि तोच गेम थोडेफार बदल करून तिथून परत आला, चीट कोड, म्हणजे गेम सोपा करायचा गुप्त कोड, तोसुद्धा वेगळा (आधी नुसते आकडे, नंतर ‘टाइपरायटर’ हा शब्द), मग ही नोंद एक की दोन? त्यात काही पोरं घरीच कॅसेट कॉपी करून पोस्टाने विकायची, आणि मासिकात तर अख्खा प्रोग्राम छापून यायचा, वाचकाने बसून टाइप करायचा. याला रिलीज म्हणायचं का? मी तर म्हणेन. बँडरस्नॅचचं उलटं, १९८४ मध्ये इमॅजिनने जोरात जाहिराती केल्या, त्याच वर्षी कंपनी बुडाली, गेम आलाच नाही!

१९९९ पासून मोबीगेम्स या गेम्सच्या यादीच्या वेबसाइटवर लोक नोंदी भरतायत, अजून चालूच आहे. तुमच्याकडे जुनी कॅसेट असेल तर कव्हर फेकू नका, प्रकाशकाचं नाव आणि साल बऱ्याचदा त्यावरच मिळतं.